फ्लॅशचा प्रकाश आणि गावाचा ठेवा



इंदूरहून पश्चिमेस धारकडे जाणाऱ्या रस्त्यावर बेटमा नावाचे गाव आहे. माळव्याच्या काळ्या मातीतील इतर गावांसारखेच ते एक गाव; परंतु भारताच्या प्राचीन इतिहासाच्या अभ्यासकास हे नाव चांगले परिचयाचे आहे. परमार वंशातील राजा भोज याने विक्रम संवत १०७६ मध्ये, म्हणजे इसवी सन १०२० मध्ये दिलेला एक ताम्रपट ‘बेटमा ताम्रपट’ या नावाने ओळखला जातो. कोकण हस्तगत केल्याच्या विजयोत्सवानिमित्त राजाने एक गाव एका पंडितास दान दिल्याची नोंद त्यावर आहे. द. बा. दिसकळकर यांनी त्याचे वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’ या ग्रंथमालेच्या अठराव्या खंडात प्रसिद्ध केले. माळव्यातील एका गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लेखाने कोकणच्या इतिहासातील एका घटनेची साक्ष द्यावी, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

ज्यांचा रोजचा संबंध जमिनीच्या कागदपत्रांशी येतो त्या तलाठ्यास किंवा ग्रामसेवकास ताम्रपटाचे महत्त्व निराळे सांगावे लागू नये. दान कोणी दिले, कोणास दिले, कोणत्या दिवशी आणि कोणत्या निमित्ताने दिले, याची ती नोंद असते. ताम्रपट हा त्या काळचा जमिनीचा दस्तच होय. कागद फाटतो, भूर्जपत्र कुजते, म्हणून तो तांब्यावर कोरला गेला. परंतु तांबे टिकले तरी त्यावरील अक्षर वाचता आले पाहिजे, आणि ज्यांना मूळ पत्रा हाती धरता येत नाही त्यांच्यापर्यंत त्याचे विश्वसनीय चित्र पोहोचले पाहिजे. छायाचित्रणातील प्रकाशयोजनेचा प्रश्न येथे येतो. फ्लॅशच्या प्रकाशयोजनेचे शिबिर हा केवळ हौशी मंडळींचा विषय नव्हे, असे म्हणावयाचे ते याच कारणासाठी.

एक परात आणि तीन चित्रे

अशा शिबिरास येणारा शिक्षक, कर्मचारी किंवा गावातील तरुण बहुधा एकच अपेक्षा मनात धरून येतो. अंधारात चित्र कसे घ्यावे, एवढे त्यास शिकावयाचे असते. फ्लॅश म्हणजे पुरेसा उजेड, आणि पुरेसा उजेड म्हणजे चांगले चित्र, अशी त्याची समजूत असते. पहिल्याच तासाला ही समजूत तपासून पाहावी. त्यासाठी खरा ताम्रपट लागत नाही. लग्नाच्या आहेरात आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव आणि तारीख कोरलेली असते. अशी एखादी तांब्याची परात भिंतीला टेकवून उभी करावी आणि तिची तीन चित्रे घ्यावीत.

पहिल्या चित्राच्या वेळी फ्लॅश कॅमेऱ्यावरच, परातीच्या अगदी समोर असावा. चित्रात मधोमध एक पांढरा झोत उमटतो आणि नाव त्या झोतात बुडून जाते. धातूच्या गुळगुळीत पृष्ठभागावर प्रकाश ज्या कोनाने पडतो त्याच कोनाने परततो. समोरून पडलेला प्रकाश सरळ भिंगात परत येतो, इतकेच येथे घडले.

दुसऱ्या चित्राच्या वेळी फ्लॅश कॅमेऱ्यापासून सोडवून, लांब तारेच्या किंवा बिनतारी जोडणीच्या साहाय्याने, परातीच्या एका बाजूस तिच्या पृष्ठभागाला जवळजवळ लागून धरावा. झोत नाहीसा होतो. कोरलेल्या प्रत्येक रेषेच्या एका काठावर उजेड आणि दुसऱ्या काठाशी सावली पडते आणि नाव स्पष्ट उठून दिसते. तरीही काही अक्षरांच्या आडव्या रेषा पुसट राहतात. जी रेषा प्रकाशाच्या दिशेशी समांतर असते तिची सावली पडत नाही.

म्हणून तिसरे चित्र घ्यावयाचे ते फ्लॅश वरच्या बाजूस नेऊन. आता शिरोरेषा आणि आडवे फाटे उमटतात, तर उभ्या काना-दंडांपैकी काही फिके पडतात. दुसरे आणि तिसरे चित्र शेजारी ठेवून वाचले म्हणजे अक्षर पूर्ण होते. तिन्ही वेळा दिवा तोच, परात तीच आणि कॅमेराही तोच होता. बदलली ती केवळ प्रकाशाची दिशा.

खेड्यातील माणसास ही गोष्ट नवी वाटण्याचे कारण नाही. भर दुपारी नांगरलेले शेत सपाट दिसते. दिवस कलला की त्याच शेतातील तास न् तास वेगळे होतात. पौर्णिमेचा चंद्र भरपूर उजेड देतो, परंतु दुर्बिणीतून त्यावरील डोंगर आणि विवरे पाहावयाची असतील तर अष्टमीच्या आसपास, उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर पाहावे लागते. तेथे सूर्यप्रकाश तिरपा पडतो आणि सावल्या लांबतात. शाळेत हाच पाठ एक नाणे आणि एक विजेरी घेऊन पाच मिनिटांत देता येईल.

साधनाचा इतिहास

छायाचित्रणाचा प्रारंभीचा काळ सर्वस्वी सूर्याच्या मर्जीवर अवलंबून होता. १८६४ च्या सुमारास मॅग्नेशियम धातूची तार जाळून तिच्या प्रखर उजेडात चित्रे घेण्यास युरोपात आरंभ झाला. १८८७ मध्ये जर्मनीतील मीठे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची जलद जळणारी पूड सिद्ध केली. तिचा भडका क्षणात होई, परंतु धूर पुष्कळ होई आणि धोकाही मोठा असे. १९२९ मध्ये काचेच्या बंद गोळ्यात जळणारा, एकदाच उपयोगी पडणारा फ्लॅश बल्ब जर्मनीत बाजारात आला. अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३१ पासून वायू भरलेल्या नळीतून विजेचा प्रवाह सोडून अत्यल्प काळाचा लखलखाट निर्माण करण्याची पद्धत विकसित केली. आजचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश त्याच तत्त्वावर चालतो. त्याचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता किंवा त्याहूनही कमी वेळ टिकतो.

या साधनाचा सामाजिक उपयोग किती मोठा असू शकतो, याचे उदाहरण आरंभीच्याच काळात सापडते. डेन्मार्कहून अमेरिकेत आलेले वार्ताहर जेकब रीस यांनी १८८८ पासून न्यूयॉर्कमधील गरिबांच्या कोंदट खोल्यांची चित्रे या पुडीच्या उजेडात घेतली आणि १८९० मध्ये ती पुस्तकरूपाने लोकांपुढे ठेवली. त्या वस्त्यांविषयी लिहिले पुष्कळ गेले होते. परंतु अंधाऱ्या खोलीत दाटीवाटीने झोपलेली माणसे प्रत्यक्ष दिसली, तेव्हा घरांच्या सुधारणेच्या मागणीस बळ आले. याच रीस यांच्या हातून पुडीच्या भडक्याने घराला आग लागण्याचा प्रसंगही ओढवला होता. साधन उपयुक्त असले तरी ते जपून वापरावे लागते, हा धडा त्या पहिल्या पिढीनेच दिला आहे.

थोडा हिशेब

शिबिरात हिशेबाचा तास कंटाळवाणा वाटतो, परंतु तो टाळू नये. तो समजला की फिल्म वाया जात नाही आणि आजच्या डिजिटल कॅमेऱ्यातही वेळ वाया जात नाही.

पहिला हिशेब अंतराचा. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. तिप्पट झाले की नववा हिस्सा राहतो. सभामंडपात दहा मीटरवर बसलेल्या लोकांचे चित्र लहान फ्लॅशने काळे येते आणि पहिल्या रांगेचे चेहरे मात्र पांढरेफटक होतात, ते यामुळे.

दुसरा हिशेब भिंगाच्या छिद्राचा. प्रत्येक फ्लॅशला एक मार्गदर्शक अंक दिलेला असतो. त्या अंकास अंतराने भागले की छिद्राचा क्रमांक मिळतो. अंक ३२ असेल आणि वस्तू ४ मीटरवर असेल तर छिद्र ८ क्रमांकाचे ठेवावे. वस्तू २ मीटरवर आली तर १६ क्रमांकाचे. हा अंक फिल्मच्या किंवा कॅमेऱ्याच्या ज्या संवेदनक्षमतेसाठी दिला असेल, तीच येथे गृहीत धरलेली असते.

तिसरा हिशेब शटरचा. फ्लॅशचा उजेड इतका क्षणिक असतो की सर्वसाधारण वेगात शटर कमीअधिक वेळ उघडे राहिल्याने त्यात फरक पडत नाही. फरक पडतो तो खोलीतील मूळच्या उजेडात. म्हणून छिद्राने फ्लॅश आवरावा आणि शटरने भोवतालचा उजेड आवरावा, हे सूत्र पाठ करावे. अनेक कॅमेऱ्यांत पडद्याचे शटर असते. त्याचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे नेला तर चित्राचा एक पट्टा काळा येतो. ही मर्यादा जुन्या कॅमेऱ्यांत बहुधा सेकंदाचा साठावा भाग असे. नव्यांत ती अडीचशेवा भाग किंवा त्याच्या आसपास असते.

वस्तू तसा प्रकाश

एवढी तयारी झाल्यावर शिबिरार्थीने वस्तूकडे वळावे. गावात जे जुने शिल्लक असते त्याचे प्रकाशाच्या दृष्टीने ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

जे कोरलेले आहे, म्हणजे ताम्रपट, शिलालेख, वीरगळ, सतीशिळा, विहिरीवरील लेख, त्यास तिरपा प्रकाश हवा. वीरगळासारख्या उठावाच्या शिल्पाला मुख्य प्रकाश वरून, डाव्या बाजूने द्यावा. प्रकाश वरून येतो अशी डोळ्यास सवय असल्यामुळे खालून उजळलेल्या चित्रात खोलगट भाग उठावाचा भासतो आणि वाचणारा फसतो. सावली फार काळी होत असेल तर दुसऱ्या बाजूस पांढरे धोतर ताणून धरावे. त्यावरून परतलेला उजेड सावली सौम्य करतो.

जे रंगवलेले आहे, म्हणजे पोथीतील चित्र, वाड्याच्या भिंतीवरील चित्र, कापडावरील पट, त्यास तिरपा प्रकाश चालत नाही. तेथे दोन्ही बाजूंनी सारखा, मऊ आणि मोजका उजेड लागतो. बेटम्याहून धारमार्गे पश्चिमेस गेले की बाघची लेणी लागतात. तेथील भित्तिचित्रांच्या नकला १९२१ मध्ये नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर यांनी केल्या होत्या. रंगाची नोंद घेण्याचे काम किती नाजूक असते याचा अंदाज त्यावरून यावा.

तिसरा प्रकार अंधाऱ्या जागेचा: गाभारा, तळघर, धान्याचे पेव. येथे फ्लॅश समोर न रोखता पांढऱ्या भिंतीवर किंवा चादरीवर मारून परतलेला उजेड वापरावा. जागेची खोली आणि रचना तरच कळते.

तिरप्या प्रकाशाचे तत्त्व आता संगणकाच्या साहाय्याने फार पुढे गेले आहे. टॉम माल्झबेंडर यांनी २००१ मध्ये मांडलेल्या एका पद्धतीत कॅमेरा एका जागी पक्का ठेवतात आणि दिवा निरनिराळ्या दिशांना नेऊन अनेक चित्रे घेतात. संगणक ती एकत्र करतो, आणि मग पडद्यावर प्रकाशाची दिशा हवी तशी फिरवून झिजलेले अक्षर वाचता येते. ग्रीसमधील समुद्रात सापडलेल्या अँटिकिथेरा या प्राचीन यंत्राच्या पृष्ठभागावरील लेखांच्या अभ्यासासाठी २००५ मध्ये ही पद्धत वापरली गेली. तिच्या एका सोप्या प्रकारास मोठा खर्च लागत नाही. प्रत्येक वेळी दिव्याचे अंतर सारखे राहावे म्हणून एक दोरी आणि प्रकाशाची दिशा कळावी म्हणून वस्तूशेजारी ठेवलेली एक चकचकीत काळी गोटी, एवढे साहित्य कॅमेरा, फ्लॅश आणि संगणक यांच्या जोडीला पुरते.

चित्र पुरावा होते तेव्हा

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे गावकरी विचारतील आणि तो प्रश्न रास्त आहे. उत्तर एका घटनेत आहे. पुदुच्चेरी येथील फ्रेंच संस्थेने १९५६ पासून दक्षिणेतील देवळांतील मूर्तींची छायाचित्रे पद्धतशीरपणे घेऊन ठेवली. तमिळनाडूतील श्रीपुरंथन येथील नटराज आणि वृद्धाचलम येथील अर्धनारीश्वर या मूर्ती चोरीस जाऊन ऑस्ट्रेलियातील संग्रहालयांत पोहोचल्या होत्या. चोरीपूर्वीची छायाचित्रे संस्थेच्या संग्रहात होती, त्यामुळे त्या मूर्ती मूळच्या कोठल्या हे दाखवता आले. सप्टेंबर २०१४ मध्ये दोन्ही मूर्ती भारतास परत मिळाल्या. आमची मूर्ती होती, असे पन्नास माणसांनी सांगितले तरी परक्या देशात त्याचा उपयोग किती? मूर्तीवरचा एखादा टवका, एखादी भेग स्पष्ट दाखवणारे एक चित्र तेथे अधिक बोलते. आणि समोरून मारलेल्या फ्लॅशने ती भेग बुजून गेली असेल, तर चित्र असूनही पुरावा नसतो.

कायद्यानेही छायाचित्राला स्थान दिले आहे. पुराणवस्तू व कलानिधी यांविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय अधिनियमाखाली ज्या प्रकारच्या वस्तूंची नोंदणी आवश्यक ठरवलेली आहे, त्यांच्या अर्जासोबत छायाचित्रे जोडावी लागतात. तसेच जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे, असे निखात निधीविषयक १८७८ चा कायदा सांगतो. नांगराच्या फाळाला पत्रा लागला किंवा घराच्या पायात हंडा निघाला, तर पहिले काम हेच. वस्तू आहे त्या जागी असतानाच, शेजारी मोजपट्टी ठेवून तिचे चित्र घ्यावे आणि स्थळ व तारीख लिहून ठेवावी.

येथे एक सूचना आग्रहाने करावीशी वाटते. सापडलेला पत्रा चिंचेने किंवा राखेने घासू नये. घरची भांडी घासताना जे योग्य तेच येथे घातक ठरते. हजार वर्षांचा थर निघताना अक्षराच्या कडाही निघून जातात. शिलालेख उठून दिसावा म्हणून त्यावर खडू, पीठ, तेल किंवा शेंदूर लावण्याची जरूर नाही. तिरपा प्रकाश तेच काम वस्तूला स्पर्श न करता करतो.

फ्लॅश न वापरण्याचे शिक्षण

शिबिराचा शेवटचा तास फ्लॅश केव्हा बंद ठेवावा यासाठी राखावा. अजिंठ्याच्या चित्रित लेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. एका लखलखाटाने होणारा परिणाम अल्प असेल. परंतु रंगावर प्रकाशाचा परिणाम साचत जातो आणि येणाऱ्यांची संख्या मोठी असते. तेथील चित्रे फ्लॅशवाचून घेता येत नाहीत असेही नाही. बिनॉय बहल यांनी १९९१ च्या सुमारास मंद प्रकाशात, शटर दीर्घकाळ उघडे ठेवून अजिंठ्याची रंगीत चित्रे घेतली आणि ती जगभर नावाजली गेली.

हाच विवेक माणसांच्या बाबतीतही हवा. तान्ह्या मुलाच्या डोळ्यांवर जवळून फ्लॅश मारू नये. पोळ्याच्या मिरवणुकीत बैलासमोर तो उडवू नये. बुजलेला बैल गर्दीत शिरला तर चित्राची किंमत फार मोठी पडेल. देवळात पुजाऱ्याची, घरात घरधन्याची आणि शाळेत पालकांची संमती घेतल्याशिवाय कॅमेरा उचलू नये.

परतल्यानंतर

इंदूरच्या बांधकाम खात्याच्या कार्यालयात १८६६ मध्ये नकाशे आणि अंदाजपत्रके करण्याच्या कामावर लाला दीनदयाळ नावाचे एक कर्मचारी रुजू झाले. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य भारतात हिंडून त्यांनी घेतलेली वास्तूंची चित्रे १८८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले आणि देशभर नावाजले. खात्यातील कामाने लागलेली मोजमापाची आणि नेटकेपणाची सवय त्यांना कॅमेऱ्यामागेही उपयोगी पडली असेल, असे त्यांची चित्रे पाहताना वाटते. आज गावोगावच्या शिक्षकांजवळ आणि कर्मचाऱ्यांजवळ ती सवय आहेच. कॅमेराही आता दुर्मिळ राहिलेला नाही. खिशातील दूरध्वनीतही तो असतो, आणि शेजाऱ्याने बाजूने धरलेली विजेरी फ्लॅशचे पुष्कळसे काम करते.

तेव्हा शिबिराहून परतणाऱ्याने पहिल्या महिन्यात एवढेच करावे. शाळेतील चार मोठी मुले, एक मोजपट्टी, एक चादर आणि एक वही बरोबर घ्यावी. शिवेवरचा वीरगळ, विहिरीचा लेख, देवळाच्या पायरीत बसवलेला कोरीव दगड यांची प्रत्येकी तीन चित्रे घ्यावीत: एक समोरून, एक बाजूच्या आणि एक वरच्या तिरप्या प्रकाशात. वहीत ठिकाण, तारीख, माप आणि प्रकाशाची दिशा लिहावी. एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत ठेवावी आणि एक पुरातत्त्व खात्याकडे पाठवावी. दगडावरचे वाचता आले नाही तरी हरकत नाही. वाचणारा पुढे कोणी भेटेल. त्याच्यासाठी अक्षर स्पष्ट ठेवणे एवढे आपल्या हाती आहे.

बेटम्याच्या ताम्रपटाला एक सहस्र वर्षे पूर्ण होऊन गेली. तो कोरणाऱ्याने आपले काम चोख केले होते, म्हणून तो आजही वाचता येतो. गावच्या शिवेवर पाऊस-वारा सोसत उभ्या असलेल्या दगडांना तेवढा अवधी मिळेलच असे नाही. पुढच्या पावसाळ्यापूर्वी त्यांची चित्रे घेतली जावीत.